भिंतीवर बुरशी दिसते, पण हवेत किती? फ्लॅटमधल्या हवेचा भरवशाचा नमुना कसा घेतात?

शिरोळ तालुक्यात पुराचं पाणी उतरलं की घर दोनदा साफ करावं लागतं. पहिल्यांदा लगेच, गाळ आणि भिजलेल्या गाद्या बाहेर काढताना. दुसऱ्यांदा दोन-तीन आठवड्यांनी, कपाट पुढे ओढल्यावर मागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसतात तेव्हा. कुबट वास त्याआधीच यायला लागलेला असतो.

स्वतःचं बैठं घर असेल, तर पुढे काय करायचं ते घरातच ठरतं. फ्लॅट असेल तर विषय सोसायटीच्या बैठकीत जातो. एक जण म्हणतो, आमच्या आईचा दमा वाढलाय. दुसरा म्हणतो, पावसाळ्यात बुरशी कुणाकडे नसते? मग कुणीतरी तोडगा सुचवतं: हवेची टेस्ट करून घेऊ, आकडा येईल आणि वाद मिटेल.

आकडा येतो, पण वाद मिटतोच असं नाही. 'बेडरूममध्ये दर घनमीटरला १,८०० बीजाणू' हे वाक्य ऐकायला भयंकर वाटतं. पण त्याच दिवशी, त्याच तासाला बाहेरच्या हवेत किती होते हे माहीत नसेल, तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही. हवेच्या चाचणीत चुका होतात त्या बहुतेक नमुना घेतानाच होतात, लॅबमध्ये कमी. म्हणून नमुना कसा घेतात हे पैसे देणाऱ्यालाही समजलेलं बरं.

शिरोळमध्ये हा प्रश्न वारंवार का येतो?

कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम शिरोळ तालुक्यातच, नृसिंहवाडीला होतो. दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं, तेव्हा तो दक्षिणद्वार सोहळा म्हणून साजरा होतो. इथल्या लोकांना नदी घरात येणं नवीन नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर नेहमीचे नव्हते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे सगळं पाणी खाली शिरोळकडेच येतं, आणि पुढे कृष्णेलाही पूर असल्यामुळे ते लवकर उतरत नाही.

बुरशीच्या दृष्टीनं पाण्याची उंची दुय्यम आहे, ते किती दिवस थांबलं हे जास्त महत्त्वाचं. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी धरायची शक्यता बरीच कमी होते, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए सांगते. जिथे पाणी कित्येक दिवस घरात उभं राहतं आणि ते गेल्यावरही श्रावण-भाद्रपदाची दमट हवा असते, तिथे ही मुदत पाळणं अशक्यच. विटांच्या भिंती आतून वाळायला काही महिने घेतात. वरून रंग दिला की त्या कोरड्या दिसतात, एवढंच.

फ्लॅटच्या इमारतीत आणखी एक गुंता असतो. पाणी तळमजल्यात शिरतं, पण जिना, डक्ट आणि लिफ्टची पोकळी यांतून हवा वर जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुबट वास आला, तर त्याचा उगम त्या घरात असेलच असं नाही. तो खालच्या पार्किंगमधल्या भिजलेल्या मीटर-खोलीत असू शकतो, किंवा पुराशी काही संबंध नसलेल्या, वरच्या बाथरूमच्या गळतीतही असू शकतो.

चाचणी लागतेच का?

बहुतेक वेळा लागत नाही. हे कुठलीही लॅब आपणहून सांगणार नाही.

भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर ती आहे हे सिद्ध करायला हवा तपासायची गरज नसते. ईपीएचा सल्ला हाच आहे, आणि तिथली रोगनियंत्रण संस्था सीडीसीही सरसकट हवेची चाचणी करायला सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण अमुक आकड्याच्या खाली हवा सुरक्षित, अशी मर्यादा मात्र दिलेली नाही. तशी ठरवण्याइतका पुरावा नाही, हेच त्यामागचं कारण.

त्यामुळे दिसणाऱ्या बुरशीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते ओल थांबवण्यावर करावेत. भिंतीतला ओलावा मोजणारं हातातलं मीटर हवेच्या चाचणीपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि जास्त उपयोगाचं असतं. भिंतीवर दिसणारी प्रत्येक गोष्ट बुरशी नसते, हेही आधी पाहावं. पांढरी, भुसभुशीत, मिठासारखी पूड असेल तर तो लोणा असण्याची शक्यता जास्त. थोडं पाणी लावलं की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोणा हा भिंतीत पाणी चढत असल्याचा पुरावा आहे, पण त्यातून बीजाणू उडत नाहीत.

मग हवेचा नमुना कधी घ्यावा? वास येतो, त्रास होतो, पण बुरशी कुठेच दिसत नाही. ती फॉल्स सिलिंगवर, प्लायवूडच्या मागे किंवा डक्टमध्ये असल्याचा संशय आहे, तेव्हा. किंवा सफाई आणि दुरुस्ती झाल्यावर घर राहण्याजोगं झालं का हे पडताळायचं असेल तेव्हा. किंवा एका घरातली बुरशी दुसऱ्या घरात पसरते आहे का, हा प्रश्न असेल तेव्हा. पंप सुरू करण्याआधी हा प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहिता आला पाहिजे. लिहिता येत नसेल, तर आलेल्या उत्तराचं काय करायचं हेही कळणार नाही.

कॅसेट, प्लेट आणि उघडी बशी

हवेतल्या बुरशीचा नमुना घ्यायच्या दोन मान्य पद्धती आहेत आणि एक स्वस्तातली.

पहिली बीजाणू-कॅसेटची. प्लास्टिकच्या छोट्या डबीत चिकट काचपट्टी असते. पंप ठरावीक वेगानं हवा ओढतो आणि हवेतले कण त्या पट्टीवर आपटून चिकटतात. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतात. सहसा मिनिटाला १५ लिटर वेगानं पाच मिनिटं, म्हणजे ७५ लिटर हवा ओढली जाते. एखादा माणूस स्वस्थ बसून साधारण दहा मिनिटांत तेवढी हवा आत घेतो. एवढ्याशा हवेवरून अख्ख्या घराचा निष्कर्ष काढायचा असतो, हे लक्षात ठेवावं.

या पद्धतीत जिवंत आणि मेलेले, सगळे बीजाणू मोजले जातात. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीनं ते योग्यच, कारण मेलेला बीजाणूही शिंका आणू शकतो. पण अस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींचे बारीक गोल बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, म्हणून रिपोर्टमध्ये ते एकत्रच लिहिलेले असतात.

दुसरी पद्धत कल्चरची. बारीक छिद्रांच्या चकतीतून हवा ओढून ती पोषक जेलीच्या प्लेटवर सोडतात. अँडरसन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या नमुनायंत्रात प्रत्येक चकतीला ४०० छिद्रं असतात आणि हवेचा वेग मिनिटाला २८.३ लिटर असतो. प्लेट साधारण पाच ते सात दिवस उबवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. यातून बुरशीची नेमकी जात कळू शकते, पण जे जिवंत आहे आणि त्या जेलीवर उगवू शकतं तेवढंच दिसतं. म्हणून कॅसेटचा आकडा आणि कल्चरचा आकडा एकमेकांशी कधीच ताडून पाहू नयेत. एकात बीजाणू मोजलेले असतात, दुसऱ्यात वसाहती.

तिसरी, आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे पेट्री डिश उघडी ठेवणं. टेबलावर बशी अर्धा तास उघडी ठेवायची आणि वर जे पडेल ते उगवू द्यायचं. कॉलेजच्या प्रयोगाला ती ठीक आहे. पण किती हवेतून हे पडलं, ते यात कळत नाही. शिवाय मोठे, जड बीजाणू पटकन खाली बसतात, तर अस्परजिलस-पेनिसिलियमचे दोन ते चार मायक्रॉनचे बीजाणू बराच वेळ तरंगत राहतात. म्हणजे ओलसर घरात ज्यांचा संशय जास्त, तेच बशीत कमी येतात. उघड्या बशीवरून 'दर घनमीटर' असा आकडा काढून दिलेला असेल, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवावा.

हवेतले बीजाणू मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी यांनी १९७० मध्ये तयार केलेलं यंत्र 'टिळक एअर सॅम्पलर' या नावानं ओळखलं जातं. फिरत्या ढोलावरच्या चिकट पट्टीवर ते सलग आठ दिवस हवेची नोंद घेतं. अशा सलग नोंदींमधून जे दिसतं ते फ्लॅटच्या चाचणीलाही लागू आहे: हवेतले बीजाणू दिवसभर सारखे नसतात. सकाळी, दुपारी आणि पाऊस पडून गेल्यावर आकडे पुष्कळ बदलतात. पाच मिनिटांची कॅसेट हा त्या चढ-उतारातला एक क्षण असतो.

सगळं अवलंबून आहे तुलनेच्या नमुन्यावर

बुरशीचे बीजाणू नाहीत अशी हवा उघड्यावर कुठेच नसते. खिडकी उघडी असली की बाहेरचे बीजाणू आत येणारच. मग घरात बुरशी वाढते आहे हे कसं ओळखायचं? घरातली हवा बाहेरच्या हवेशी ताडून. एकूण आकड्यापेक्षा कुठल्या जाती किती आहेत, याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

समजा, बाहेर दर घनमीटरला २,००० बीजाणू आहेत आणि त्यांतले बहुतेक क्लॅडोस्पोरियमचे, म्हणजे झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे आहेत. घरात १,८०० आहेत आणि प्रमाण तेच आहे. मग घरातली हवा म्हणजे बाहेरचीच हवा. आता दुसऱ्या घरातही १,८०० च आहेत, पण त्यांतले १,५०० अस्परजिलस-पेनिसिलियम गटाचे, आणि बाहेर तो गट जेमतेम १०० आहे. एकूण आकडा तोच, पण दुसऱ्या घरात कुठेतरी बुरशी वाढते आहे.

म्हणून बाहेरचा नमुना त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं, तेवढाच वेळ घ्यायचा. तो एक नको, निदान दोन हवेत: घरातलं काम सुरू करण्याआधी एक आणि संपल्यावर एक. कचराकुंडी, गोठा, कुंड्या, पालापाचोळ्याचा ढीग यांच्यापासून दूर. इमारत तीन-चार मजली असेल, तर एक खाली आणि एक गच्चीवर.

शिरोळसारख्या ठिकाणी इथे काही खास अडचणी येतात. एक म्हणजे ऊस. उसाला चाबूक काणी लागली की शेंड्यातून काळा चाबूक निघतो. त्यावरची काळी भुकटी म्हणजे काणी बुरशीचे बीजाणूच, आणि ते वाऱ्यावर उडतात. तांबेऱ्याचंही तसंच. आजूबाजूला उसाचे फड असतील, तर फ्लॅटच्या नमुन्यात हे बीजाणू दिसू शकतात, आणि ते भिंतीतून आलेले नसतात. लॅबच्या तक्त्यात काणीचे बीजाणू बहुधा 'स्मट्स' या नावाखाली, दिसायला सारख्या असलेल्या इतर काही बीजाणूंबरोबर एकाच ओळीत येतात. ही ओळ बघून घाबरण्याआधी बाहेरच्या नमुन्यातली तीच ओळ पाहावी. तोडणीच्या हंगामात पाचट पेटवलेलं असेल तर अडचण वेगळीच. काजळीनं पट्टी भरून जाते आणि तिच्याखाली बीजाणू झाकले जातात. अशा दिवशी नमुना घेऊ नये, किंवा पंप पाच मिनिटांऐवजी एक-दोन मिनिटंच चालवावा.

दुसरी अडचण पुराचीच. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात संशोधकांनी हवेचे नमुने घेतले. पाण्याखाली गेलेल्या भागात घराबाहेरच्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ६६ हजार बीजाणू मिळाले. पाणी न शिरलेल्या भागात सुमारे ३३ हजार. घरांच्या आत हा आकडा ११ हजारांपासून ६ लाख ४५ हजारांपर्यंत गेला होता. यातला धडा असा की, गावच बुडालेलं असेल तेव्हा 'बाहेरची हवा' ही तुलनेसाठी स्वच्छ राहत नाही. शेजारची सगळी घरं बुरशीनं भरलेली असतील, तर बाहेरचा आकडा चढलेला असतो आणि त्याच्यापुढे घरातला आकडा बरा वाटू लागतो. म्हणून पुरानंतरच्या काही महिन्यांत आणखी एक तुलना हवी. पाणी न पोहोचलेल्या भागात, मग तो जयसिंगपूरकडचा उंचावरचा भाग असो की त्याच गावातली चढावरची गल्ली, शक्य तर त्याच दिवशी बाहेरचा एक नमुना घ्यावा.

आणि फ्लॅटच्या इमारतीत सगळ्यात उपयोगी पडणारी तुलना म्हणजे तक्रार नसलेलं दुसरं घर. त्याच बाजूचं, शक्य तर त्याच आकाराचं. जिन्यातलाही एक नमुना घ्यावा. बेडरूममध्ये जास्त, जिन्यात कमी, शेजाऱ्याकडे बाहेरच्याइतकंच असेल, तर उगम त्या घरात आहे. जिन्यात सर्वांत जास्त असेल, तर शोध खाली पार्किंगकडे किंवा डक्टकडे वळवावा. असा शेजारी तयार होणं कठीण जातं, कारण आपल्या घरातही काही निघालं तर, ही भीती असते. ते आधी बोलून घ्यावं लागतं.

नमुन्याच्या आदल्या दिवशी

परदेशी सूचनांमध्ये नमुन्याआधी १२ ते २४ तास दारं-खिडक्या बंद ठेवा, असं लिहिलेलं असतं. बंद घरात आतला उगम ठळक दिसतो, हे खरं. पण ज्या घराच्या खिडक्या एरवी दिवसभर उघड्या असतात, ते घर २४ तास बंद ठेवल्यावर मिळणारी हवा तिथली माणसं रोज घेत नाहीत. दोन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. लपलेली बुरशी शोधायची असेल तर घर बंद ठेवून नमुना घ्यावा. रोजच्या हवेत काय जातं हे पाहायचं असेल तर घर नेहमीसारखं चालू द्यावं. जे कराल ते सगळ्या खोल्यांत आणि तुलनेच्या घरातही सारखंच करा आणि लिहून ठेवा. एका घराच्या खिडक्या बंद, दुसऱ्याच्या उघड्या, अशी तुलना फुकट जाते.

त्या सकाळी झाडू मारू नये, गाद्या-पडदे झटकू नयेत. उदबत्ती, धूप, कापूर नमुना होईपर्यंत थांबवावं, कारण धुराचे कणही पट्टीवर बसतात. फोडणीचंही तेच. पंखा चालू ठेवायचा की बंद, हे ठरवून सगळीकडे सारखं ठेवावं. बहुधा बंदच ठेवतात.

स्वयंपाकघरातल्या कांद्यांकडेही एकदा बघावं. साठवलेल्या कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी असते, ती अस्परजिलस नायजर या बुरशीची असते. कांद्याची टोपली हलवली आणि लगेच पंप लावला, तर रिपोर्टमध्ये अस्परजिलस येणारच. धान्याची जुनी पोती, ओली कुंडी, भिजून परत वाळवलेली पुस्तकं यांचंही तसंच. यांतलं काय कुठे आहे याचा साधा नकाशा काढून ठेवला, तर नंतर डोकं खाजवावं लागत नाही.

उलटी लबाडीही होते. आकडा मोठा यावा म्हणून कुणी पंप चालू असताना कपाट ठोकतं, सोफा आपटतं. आकडा खाली यावा म्हणून कुणी आदल्या रात्री भिंतीवर ब्लीच मारतं किंवा रंगाचा हात फिरवतं. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर असणं हा यावरचा साधा उपाय.

पावसाचं काय? जोराच्या सरीत हवेतले कोरडे बीजाणू धुऊन जातात, पण पावसानंतर ओल्या हवेत सुटणाऱ्या इतर जातींचे बीजाणू वाढतात. पाऊस चालू असताना बाहेरचा नमुना घेऊ नये. सोसाट्याच्या वाऱ्यातही नको. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेपर्यंत दिवस पुढे ढकलावा लागला, तर तो ढकलावा.

पंप, उंची, घड्याळ

कॅसेटवर लिहिलेलं '१५ लिटर' पंपातून खरोखर येतंय का, हे प्रत्येक वेळी मोजावं लागतं. त्यासाठी रोटामीटर नावाची काचेची किंवा प्लास्टिकची नळी असते, तिच्यात तरंगणारा गोळा वेग दाखवतो. कॅसेट जोडलेली असतानाच मोजायचं, कारण कॅसेटच्या अडथळ्यानं वेग बदलतो. काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. समजा, बॅटरी उतरल्यामुळे वेग १२ लिटरवर आला. मग पाच मिनिटांत ६० लिटरच हवा गेली, पण लॅब हिशोब ७५ लिटरनं करणार, आणि आकडा वीस टक्के कमी येणार. तंत्रज्ञानं वेग मोजलेला कागद दाखवला नाही, तर तो मागावा. हा अपमानाचा प्रश्न नाही.

कॅसेटचं तोंड जमिनीपासून एक ते दीड मीटरवर, म्हणजे बसलेल्या-उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर असावं. तान्ह्या बाळासाठी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी चाचणी असेल, तर त्याच्या उशीच्या उंचीवर. जागा खोलीच्या मध्याजवळ. बुरशी लागलेल्या भिंतीला चिकटवून घेतलेला नमुना त्या भिंतीचा असतो, खोलीचा नाही. एसीच्या किंवा एक्झॉस्टच्या झोतातही नको. सुरुवात स्वच्छ जागेपासून करून बुरशीच्या खोलीत शेवटी जावं, म्हणजे कपड्यांवरून बीजाणू इकडचे तिकडे होत नाहीत. कल्चरचं यंत्र असेल, तर दोन नमुन्यांच्या मध्ये त्याची चकती ७० टक्के अल्कोहोलनं पुसून वाळवावी लागते.

प्रत्येक खोलीतून एकच नमुना घेणं ही पैसे वाचवण्याची नेहमीची जागा, आणि नेमकी तीच चुकीची. एका क्षणाचा आकडा योगायोगानं चढा किंवा उतरता येऊ शकतो. पाच खोल्यांत एकेक घेण्यापेक्षा संशयाच्या दोन खोल्यांत वेगवेगळ्या वेळी दोन-दोन घेतलेले बरे.

आणि एक कोरी कॅसेट. ती नमुन्याच्या जागी नेऊन उघडायची, हवा न ओढता बंद करायची आणि बाकीच्यांबरोबर लॅबला पाठवायची. तिच्यात बीजाणू निघाले, तर गडबड कॅसेटमध्ये, हाताळणीत किंवा लॅबमध्ये आहे. लॅबला कुठली कॅसेट कुठली हे कळू नये म्हणून फक्त क्रमांक द्यावेत, 'तक्रारदाराची बेडरूम' असं लिहू नये. कुठला क्रमांक कुठल्या खोलीचा, ती यादी आपल्याकडे ठेवावी. प्रत्येक क्रमांकापुढे तारीख, सुरू-बंदची वेळ, पंपाचा वेग, खिडक्या-पंख्याची स्थिती, तापमान आणि आर्द्रता लिहावी. मोबाइलवर काढलेला जागेचा फोटोही उपयोगी पडतो.

कॅसेट साध्या तापमानात पाठवता येते. कल्चरच्या प्लेट मात्र थंड डब्यात, २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचल्या पाहिजेत. जवळपास सोय नसली आणि पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवायचं असलं, तर वाटेत उन्हातल्या गाडीत राहिलेली प्लेट आणि वेळेवर पोहोचलेली प्लेट सारखी उगवत नाही. म्हणून लांबच्या लॅबसाठी कॅसेट सोयीची.

लॅब निवडताना एनएबीएलची मान्यता आहे एवढं पुरत नाही. मान्यता चाचणीनिहाय असते. पाणी तपासायची मान्यता असलेली लॅब हवेतली बुरशी तपासायला मान्यताप्राप्त असेलच असं नाही. ती यादी मागितली की लॅबनं दाखवायला हवी. औषध कारखान्यांच्या निर्जंतुक खोल्या तपासणाऱ्या लॅबकडे यंत्रं चांगली असतात, पण तिथली मर्यादा राहत्या घराला लावलेली नाही ना, हे पाहावं. त्या मापानं कुठलंही घर नापासच होईल. घरात ठेवायचं धूळ मोजणारं छोटं मीटर यातलं काहीच सांगत नाही. त्याला धूर, धूळ आणि बीजाणू सगळे सारखेच.

रिपोर्ट हातात आल्यावर

७५ लिटरच्या नमुन्यात पट्टीवर दिसलेला एक बीजाणू म्हणजे दर घनमीटरला सुमारे १३. लॅबनं पट्टीचा चौथा भागच मोजला असेल, तर एक बीजाणू म्हणजे सुमारे ५३. त्यामुळे एका खोलीत ५३ आणि दुसरीत १०६ असा फरक दिसला, तर प्रत्यक्षात तो एका आणि दोन बीजाणूंचा फरक असू शकतो. त्यावर भांडण करण्यात अर्थ नाही. किती पट्टी मोजली आणि प्रत्यक्ष किती बीजाणू दिसले, हे रिपोर्टमध्ये नसेल तर विचारून घ्यावं.

'काळी बुरशी' या शब्दानं महाराष्ट्रात २०२१ पासून वेगळीच धास्ती बसली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पूर आला. भिंतीवरचा काळा डाग आणि तो आजार यांचा काही संबंध नाही. म्युकरमायकोसिसच्या बुरशी माती आणि कुजणाऱ्या पदार्थांत असतात. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो. भिंतीवरच्या काळ्या बुरशीत जिचं नाव जास्त घेतलं जातं, ती स्टॅकीबोट्रिस. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतल्या रक्तस्रावाशी तिचा संबंध जोडला गेला होता. सीडीसीनं २००० मध्ये त्या अभ्यासांची फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नसल्याचं जाहीर केलं. या बुरशीचे बीजाणू चिकट असतात आणि सहज उडत नाहीत. म्हणून भिंतीवर ती असूनही हवेच्या नमुन्यात ती न येणं शक्य आहे. याचा अर्थ दम्याच्या माणसानं त्या खोलीत झोपावं असा नाही. त्याच्यासाठी खोली बदलणं आणि डॉक्टरांना दाखवणं रिपोर्टची वाट न पाहताच करायचं असतं.

सोसायटीच्या वादात हा रिपोर्ट किती चालतो?

हवेचा नमुना बुरशी आहे का आणि बहुधा कुठे आहे, इतकं सांगतो. पाणी कुठून आलं हे तो सांगत नाही, आणि खर्च कुणी करायचा हे पाण्यावर ठरतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपमधून येणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. संडास, सिंक यांच्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा. इमारत नवी असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरनं ३० दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. पुरानं भिजलेली भिंत हा अर्थातच बांधकामाचा दोष नाही. पण बाहेरच्या प्लास्टरमधली भेग असू शकते, आणि नेमकं यावरूनच भांडण होतं.

म्हणून हवेच्या रिपोर्टच्या जोडीला भिंतीच्या ओलाव्याचे आकडे लागतात: जमिनीपासून अर्धा, एक, दीड आणि दोन मीटरवर, बाहेरच्या भिंतीवर आणि आतल्याही. ओल खालून वर कमी होत गेली तर पाणी जमिनीकडून किंवा पुरातून आलं. छताजवळ जास्त असेल तर वरून. ही मोजणी करायला दहा मिनिटं लागतात, पण ती दिवाळीच्या रंगकामाआधी करावी लागते. पुट्टी आणि रंगाचे दोन हात बसल्यावर मीटर भिंतीऐवजी पुट्टीच मोजतं, आणि बुरशी पुढच्या जूनपर्यंत रंगाच्या मागे राहते.